न मोजलेली हवा

गाडीत कोणी बसलेलं नव्हतं. ॲक्सिलरेटरवर कोणाचा पाय नव्हता. तरीही इंजिनाचा आवाज आपोआप चढत होता, मग एकदम उतरत होता, आणि आता बंदच पडतंय असं वाटेपर्यंत खाली जाऊन पुन्हा घाईघाईने वर येत होता. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला होता.

एरवी असलं कोडं शलाकाने मिटक्या मारत सोडवलं असतं. बारा वर्षांची ही मुलगी घरातला मिक्सरसुद्धा बंद पडायची वाट बघायची, म्हणजे तो उघडता येईल. पण आज तिचं लक्ष इंजिनात लागत नव्हतं. मागे पडवीत तिची आई, सान्वी, चटईवर निजवलेली होती. सकाळी भाताचा भारा उचलताना आईच्या उजव्या हाताला फुरसं चावलं होतं.

कोकणातल्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या सपाटीवर राहणाऱ्यांना फुरसं काय चीज आहे ते सांगावं लागत नाही. हातभर लांबीचा, दगडाच्या रंगाचा साप. त्याचं विष माणसाचं रक्त गोठू देत नाही. उपाय एकच, प्रतिविष (विषाचा परिणाम थांबवणारं औषध). ते होतं रुग्णालयात, आणि रुग्णालय होतं घाट उतरून खाली, खाडीकाठच्या गावात.

ही गोष्ट फार लांबच्या काळातली नाही. रस्त्यावर बहुतेक गाड्या विजेच्या झाल्या आहेत, पेशंटला न्यायला हवाई रुग्णवाहिका येते, आणि गावागावात शेती सोसायटीचा एक यंत्रमानव असतो, एवढाच काय तो फरक. पण वीज पडायची ती पडतेच. आदल्या दिवशी परतीच्या पावसात सड्यावरच्या चार्जिंग केंद्रावर वीज पडली आणि केंद्र जळून गेलं. गावातल्या गाड्या सकाळीच खाली चार्जिंगला गेल्या होत्या. वारा इतका भणाणत होता की हवाई रुग्णवाहिका उडू शकत नव्हती. रस्त्याने येणारी रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. "तुम्हालाच आणता आलं तर आणा," रुग्णालयातून डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. "हात हलवू देऊ नका, घट्ट बांधू नका, कापू तर मुळीच नका. आम्ही औषध तयार ठेवतो."

उरली होती आबांची पेट्रोलची जीप.

आबा म्हणजे शलाकाचे आजोबा, डॉक्टर नीलेश शिगवण. औषध देणारे डॉक्टर नव्हेत. उपग्रहांना आकाशात सरळ ठेवणाऱ्या यंत्रणा त्यांनी जन्मभर बनवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर ही म्हातारी जीप त्यांनी हौसेने सांभाळली होती. गावात सगळे तिला हसायचे. आज मात्र गावात चालू स्थितीत असलेली ती एकच गाडी होती, आणि ती 'चालू स्थितीत' होती म्हणणंसुद्धा धाडसाचंच होतं.

कारण आबांनी नुकतीच ती गोठ्यापासून अंगणात आणली होती. फाटकापाशी वळताना त्यांनी वेग कमी केला, आणि इंजिनाने मान टाकली. आबांनी ब्रेक दाबला, तर तो दगडासारखा कडक. उतारावर जीप तशीच सरकत गेली आणि फणसाच्या बुंध्याला टेकून थांबली. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, आणि किल्ली फिरवल्यावर इंजिन पुन्हा सुरूही झालं. पण आबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"घाटात असं झालं तर?" शलाकाने विचारलं.

आबांनी फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. घाटात प्रत्येक वळणावर वेग कमी करावाच लागतो, आणि तिथे फणसाचं झाड नसतं. खाली दरी असते.

"बबन!" आबांनी हाक मारली.

बबन हा सोसायटीचा यंत्रमानव. पंप, मळणीयंत्र, काहीही बिघडलं की त्यालाच बोलावत. आईला शेतातून अलगद उचलून पडवीत त्यानेच आणलं होतं. आता तो जीपपाशी वाकला, छातीतून एक केबल काढली आणि स्टिअरिंगखालच्या जुन्या सॉकेटमध्ये खोचली. इंजिनात एक छोटा संगणक असतो. काही बिनसलं की तो ते 'दोष-संकेत' (कुठे बिघाड आहे याची खूण) म्हणून लक्षात ठेवतो आणि पिवळा दिवा लावतो. बबन ते संकेत वाचू लागला.

"दोष एक. मिश्रण विरळ. दोष दोन. धुराड्यातला प्राणवायू-सेन्सर संशयास्पद. दोष तीन. ठिणगी चुकते आहे. दोष चार. संथ गती अस्थिर." संथ गती म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं गुणगुणत राहतं ती गती. "चार दोष. चार सुटे भाग बदलावेत. भाग शहरातून मागवावे लागतील. तोपर्यंत प्रवास करू नये."

"तोपर्यंत?" शलाका ओरडलीच. "बबन, आईकडे बघ जरा!"

"ताईंसाठी माझ्या यादीत दोष-संकेत नाही," बबन शांतपणे म्हणाला. त्याचा त्यात काही दोष नव्हता. त्याला बनवलंच तसं होतं. पण शलाकाला त्या क्षणी त्याचा विलक्षण राग आला.

आबांनी बॉनेट उघडलं. इंजिनावर झेंडूची वाळलेली माळ होती, खंडेनवमीला घातलेली. त्या दिवशी कोकणात काय, सगळ्या महाराष्ट्रात हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. बबनच्याही गळ्यात माळ पडली होती, आणि तो दिवसभर आखडून उभा होता. दसऱ्याला आता आठवडा होत आला होता. पूजेची माळ कोणी उगाच ओरबाडून काढत नाही. ती आपोआप गळते, किंवा निर्माल्य म्हणून पाण्यात सोडतात. म्हणून आबांनी ती हलक्या हाताने जराशी बाजूला केली आणि बाकीचं इंजिन तपासायला घेतलं.

ठिणगीच्या तारा बघितल्या. घट्ट होत्या. धुराड्यातला, म्हणजे जळलेला धूर बाहेर टाकणाऱ्या नळीतला, सेन्सर बघितला. त्याची तार शाबूत होती.

"चार गोष्टी एकाच दिवशी बिघडतील कशा?" आबा स्वतःशीच पुटपुटले. "चार तक्रारी आहेत. पण तक्रार करणारा म्हणजे गुन्हेगार नव्हे. शलाका, इंजिन काय खातं?"

"पेट्रोल."

"आणि हवा. ठरलेल्या प्रमाणात. हवेच्या वाटेवर, अगदी दाराशी, एक सेन्सर बसलेला असतो. तो आत येणारी हवा मोजतो, आणि तेवढ्यावर संगणक पेट्रोल सोडतो. म्हणजे असं बघ, लग्नाच्या मांडवात दाराशी एक जण पाहुणे मोजतो आणि आत आचाऱ्याला सांगतो, इतक्या पानांचं रांध."

"मग?"

"मग समज, मांडवाच्या मागच्या कनातीला भोक पडलंय आणि तिथून न मोजलेले पाहुणे आत शिरतायत. आचाऱ्याचा अंदाज चुकणार. वाढपी म्हणणार, वाढायला पुरत नाही. हात धुवायच्या जागी उभा असलेला माणूस म्हणणार, लोक अर्धपोटी चाललेत. सगळे खरंच बोलतायत, पण चूक त्यांच्यापैकी एकाचीही नाही."

शलाकाचे डोळे मोठे झाले. "मिश्रण विरळ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी! म्हणून ठिणगी पडूनही नीट जळत नाही. आणि धुराड्यातला सेन्सर तो हात धुवायच्या जागेचा माणूस!"

"शाब्बास. त्याचं ऐकून संगणक घाईघाईने पेट्रोल वाढवतो. जरा जास्तच वाढवतो. मग सेन्सर ओरडतो, आता फार झालं. संगणक कमी करतो. पुन्हा कमी पडतं. याला प्रतिपोषण म्हणतात (परिणाम बघून कृती बदलत राहणं). उपग्रह त्यावरच सरळ राहतो. पण बातमी चुकीची असेल, आणि उशिराने पोचत असेल, तर तोच उपग्रह डुलायला लागतो."

इंजिन चढत होतं, उतरत होतं. ते का डुलतंय हे आता शलाकाला कळलं होतं. पण कळून काय उपयोग? भोक कुठे आहे ते कुठे कळलं होतं? इंजिनाच्या आसपास नळ्यांचं नुसतं जंजाळ होतं.

तिने पडवीकडे पाहिलं. आईचा हात कोपरापर्यंत सुजला होता. सूज चढायच्या आधीच आईने हिरव्या बांगड्या काढून घ्यायला लावल्या होत्या. एक राहिली ती बबनने कटरने कापली होती. आईने डोळे मिटले होते, पण ती झोपली नव्हती. शलाकाला एकदम रडू फुटेल असं वाटलं. ती आईजवळ जाऊन बसली.

"काय म्हणतो तुझा बबन?" आईने विचारलं. आवाज हळू होता, तरी त्यात नेहमीचा खोचकपणा होता.

"चार दोष आहेत म्हणतो."

"चारच? मग ब्रेकचं धरलं नाही त्याने."

शलाका ताठ बसली. "ब्रेकचं काय?"

"रविवारी मी बाजारात नेली होती ना जीप. ब्रेक नुसता कडक झालाय. दाबला की पायाशी फुस्स असं वाजतं. आबांना सांगेन म्हणून राहून गेलं." आई दमून थांबली. "आणि गाडी जोरात असली की काही होत नाही. हळू झाली की कुरकुर. दसऱ्याच्या आधी असं नव्हतं."

"आबा!" शलाका पडवीतूनच ओरडली. "ब्रेक दसऱ्यापासून कडक झालाय! हळू असतानाच बिघडते!"

"ब्रेकबाबत एकही दोष-संकेत नाही," बबन म्हणाला.

"कारण तिथे सेन्सरच नाही!" आबांनी कपाळावर हात मारून घेतला. "समोर ब्रेक दगड झाला, आणि मी त्याला वेगळं दुखणं समजलो. शलाका, इंजिन हवा ओढतं तेव्हा आत निर्वात (जवळजवळ हवाच नसलेली स्थिती) तयार होतो. त्याची ओढ एका जाड रबरी नळीतून ब्रेकपर्यंत नेलेली असते. तीच तर आपल्या पायाला जोर देते. त्या नळीला भोक असेल, तर पायाचा जोर जातो आणि न मोजलेली हवा थेट इंजिनात शिरते. दोन्ही एकदम!"

"आणि जोरात असताना काही होत नाही, कारण तेव्हा हजार पानांची पंगत असते," शलाका म्हणाली. "त्यात दहा आगंतुक कळत नाहीत. संथ गतीत वीसच पानं."

आबांनी क्षणभर नातीकडे पाहिलं. मग दोघंही बॉनेटवर वाकली. इंजिनापासून ब्रेककडे जाणारी जाड काळी नळी होती खरी. वरून तर ती धडधाकट दिसत होती.

"भोक बारीक असेल. उदबत्ती आणू? धूर जिथे आत ओढला जाईल..."

"पेट्रोलच्या इंजिनापाशी निखारा? कधीच नाही!" आबा गरजले. "पाणी. झाडांवर फवारायची बाटली आण. चिरेवर पाणी पडलं की ती क्षणभर बुजते आणि आवाज बदलतो. ठिणगीच्या तारांवर मात्र उडवायचं नाही. आणि आधी वेणी वर बांध, इंजिनाचा पट्टा फिरतोय."

शलाकाने वेणी गुंडाळली, बाटली आणली. नळीच्या ब्रेककडच्या टोकापासून सुरुवात केली. फस्. काही नाही. थोडं पुढे. फस्. इंजिन चढत, उतरत राहिलं. आणखी पुढे. काही नाही. इंजिनाकडच्या टोकाशी आली तशी तिने नेमकी वाळलेली माळ सोडून पलीकडे फवारलं. तिथेही काही नाही.

"नाही हो आबा," ती रडवेली झाली. "सगळी झाली."

"सगळी झाली," आबाही म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता.

"सगळी नाही," पडवीतून आई म्हणाली. बबनने तिला किंचित वर टेकवलं होतं आणि ती इकडेच बघत होती. "माळेखाली कोणी बघितलं?"

खरंच, दोघांचेही हात त्या माळेपाशी आपोआप वळसा घेत होते.

"पूजेची आहे गं," आबा म्हणाले.

"पूजा झाली. आता काढा ती."

आबांनी माळ उचलली, आणि ती निघेना. तेव्हा त्यांना आठवलं, आणि ते आठवताना त्यांचा चेहरा कसानुसा झाला. दर वर्षी माळ बॉनेटवर बाहेरून घालत. या वर्षी सड्यावर वारा फार. माळ उडून जाईल म्हणून त्यांनी ती आत, इंजिनावर बांधली होती. दोऱ्याने सुटेल म्हणून बारीक तारेने. आणि तार पिळून आवळली होती ती त्या जाड काळ्या नळीभोवती. इंजिन थरथरलं, तसतशी तार म्हाताऱ्या रबरात रुतत गेली होती.

"मीच," आबा म्हणाले. "मीच बांधली."

"आबा, ते नंतर!" शलाकाने तिथे पाणी फवारलं.

फस्स्... आणि आवाज बदलला. चढणं थांबलं, उतरणं थांबलं. क्षणभर इंजिन झोपलेल्या मांजरासारखं एका लयीत गुरगुरलं. मग पाणी आत ओढलं गेलं आणि पुन्हा डुलणं सुरू झालं.

आता कोणी बोलत बसलं नाही. आबांनी इंजिन बंद केलं. नळी तापलेली होती. बबनच्या बोटांना चटका बसत नाही, म्हणून त्याने ती ओढून काढली. चीर टोकाजवळच होती. आबांनी तेवढा तुकडा सुरीने कापला. उरलेली नळी जेमतेम पोचत होती. शलाकाने गरम पाणी आणलं, त्यात टोक बुडवून रबर मऊ केलं, बबनने ते रेटून बसवलं आणि वरून क्लिप आवळली.

आबांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि एकाच सुरात चालत राहिलं.

पण पिवळा दिवा तसाच होता.

"दिवा लागलेला आहे," बबन म्हणाला. "प्रवास करू नये."

आबांचा हात किल्लीवरच थबकला. मघाशी त्यांचीच चूक निघाली होती. आता सूनबाईला आणि नातीला घेऊन ते घाट उतरणार होते. त्यांना स्वतःवरच विश्वास वाटेना. "शलाका, काय करायचं?"

शलाकाने पिवळ्या दिव्याकडे बोट दाखवलं. "दिव्याला जुनं आठवतंय, आबा. दिवा आत्ताचं सांगत नाही. आपण ब्रेकलाच विचारू. इंजिन बंद करा. ब्रेक दाबत राहा, उरलेला निर्वात संपेपर्यंत. आता दाबून धरा आणि चालू करा. नळी आता धड असेल आणि ओढ पोचत असेल तर ब्रेक..."

"...पायाखालून आपोआप खाली जाईल," आबांनी वाक्य पुरं केलं. किल्ली फिरवली. त्यांच्या पायाखाली ब्रेक हळूच खाली सरकला, आणि त्यांनी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. "बबन, सान्वीला आण."

मागच्या सीटवर बबनने आईचा हात फळीला टेकवून धरला. जीप फाटकाशी वळली. वेग कमी झाला. इंजिन चालूच राहिलं. पुढे घाट सुरू झाला, एकामागून एक वळणं, डावीकडे दरी. प्रत्येक वळणावर शलाका कान टवकारून आवाज ऐकत होती. आबा घामाने भिजले होते, पण ब्रेक दाबला की गाडी ऐकत होती.

अर्ध्या घाटात आई म्हणाली, "शलाका, हिरड्यांतून रक्त येतंय गं थोडं." जणू कुकरची शिट्टी झाली म्हणून सांगावं तितक्या सहज. शलाकाने तिचा डावा हात घट्ट धरला आणि खाडी दिसेपर्यंत सोडला नाही.

रुग्णालयाच्या दाराशी डॉक्टर उभ्याच होत्या. त्यांनी आईची नाडी बघितली, सूज बघितली, आणि मग वाकून विचारलं, "यंत्रांवर दिसेल ते दिसेल. तुम्हाला स्वतःला आणखी काय होतंय, सांगा." आईने हिरड्यांचं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि त्या भराभर कामाला लागल्या. बबन कोपऱ्यात उभा राहून हे सगळं बघत होता.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या. "रक्त पुन्हा नीट गोठायला लागलंय. वेळेवर आणलंत." आबा बाकावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. शलाका मात्र ढसाढसा रडली. दिवसभराचं सगळं साचलेलं होतं, ते वाहून गेलं.

नंतर तिने आणि आबांनी बसून बबनच्या प्रोग्राममध्ये बदल केला. आता संकेत वाचले की तो लगेच सुटे भाग मागवत नाही. आधी सगळ्या तक्रारींमागे एकच कारण असू शकतं का, ते शोधतो. आणि त्याहीआधी यंत्र वापरणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारतो. हा बदल पुढे आजूबाजूच्या गावांतल्या यंत्रमानवांतही गेला. पुढे कधीतरी शलाका असं यंत्र बनवणार आहे, जे चुकलेलं मोजमाप स्वतःच ओळखेल. अजून ते जमलेलं नाही, पण ती त्याच्या मागे लागली आहे.

पुढच्या खंडेनवमीला आबा झेंडूची माळ घेऊन जीपसमोर उभे राहिले आणि नुसते इकडेतिकडे बघत राहिले. शेवटी आईने ती त्यांच्या हातातून घेतली, बॉनेटवर बाहेरून घातली, साध्या दोऱ्याने. दुसरी बबनच्या गळ्यात घातली. उजव्या हाताने गाठ मारताना ती जराशी थांबली. कोणाच्या ते लक्षात आलं नाही.

बबनच्या आलं. त्याने मान खाली करून विचारलं, "ताई, ज्याचा दिवा लागत नाही, असं काही दुखतंय का?"

आईने त्याच्याकडे बघितलं. मग हसली. "दुखतं रे," ती म्हणाली, "वारा सुटला की बोटं ठणकतात. कोणाला सांगितलं नव्हतं मी."

शलाकाने पुढे होऊन आईचा तो हात आपल्या हातात घेतला.